चाकं बदलल्यावर आवाज आला, आणि दुकानदाराने अर्धी सायकल विकली

रोड सायकलची चाकं नुकतीच बदलली असतील किंवा बदलायचा विचार असेल, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. पुण्यातल्या एका दुकानात माझे ६,६०० रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत.

माझ्या सायकलला ९ स्पीडचा, म्हणजे मागे ९ गिअरचा, शिमानो कंपनीचा सोरा गिअर-सेट आहे. हलकी चाकं घेतली आणि ज्या दुकानातून घेतली त्यांच्याकडूनच बसवून घेतली. खडकवासल्याच्या रस्त्याला लागले आणि मागून कट-कट सुरू झाली. पॅडल थांबवलं की आवाज बंद, चढावर जोर लावला की दुप्पट. जुन्या चाकांवर हीच सायकल अगदी शांत चालत होती.

परत दुकानात नेली. मेकॅनिकने ती स्टँडवरसुद्धा लावली नाही. क्रँक (पॅडलचा दांडा) जरा हलवून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, बॉटम ब्रॅकेट गेलंय. चेन ताणलीये, कॅसेटचे दात घासलेत. एकदमच बदलून घ्या, नाहीतर नवीन चाकांची वाट लागेल." (बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो ते; कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या.) नवीन महागड्या वस्तूची अशी भीती घातली की माणूस हो म्हणतोच. बिल झालं: कॅसेट २,६००, चेन १,७००, बॉटम ब्रॅकेट १,४००, मजुरी ९००.

आवाज जसाच्या तसा. तर म्हणे, "नवीन पार्ट आहेत, सेट व्हायला वेळ लागतो." नंतर म्हणे, "फ्रीहबच खराब असेल, हब बदलू." (फ्रीहब म्हणजे मागच्या चाकाच्या हबचा, म्हणजे मधल्या भागाचा, कॅसेट बसवायचा तुकडा.) तिथे मी थांबले आणि सायकल एका छोट्या दुकानातल्या काकांकडे नेली.

काकांनी आधी एकच प्रश्न विचारला, "आवाज कधीपासून?" चाकं बदलल्यापासून, म्हटल्यावर त्यांनी क्रँककडे बघितलंही नाही. मागचं चाक काढलं, कॅसेट बोटांत धरून आत-बाहेर ढकलली. खडखड वाजली! लॉकरिंग, म्हणजे कॅसेट जागी धरणारी रिंग, मात्र घट्ट होतं.

कारण असं: ११ स्पीडसाठीचा रोड फ्रीहब जुन्या ८-९ स्पीडच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिलीमीटरने लांब असतो. हल्लीची बरीच चाकं त्याच फ्रीहबची येतात. त्यावर ९ स्पीडची कॅसेट चढवताना मागे तेवढ्याच जाडीचा स्पेसर (पातळ रिंग) घालावा लागतो. नाही घातला, तर लॉकरिंग कॅसेटला दाबण्याआधीच फ्रीहबच्या टोकाला टेकतं आणि कॅसेट सैल राहते. काकांनी स्पेसर घातला, लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळलं (शिमानोच्या लॉकरिंगवर हा आकडा छापलेलाच असतो) आणि मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बॅरल अ‍ॅडजस्टर थोडा-थोडा फिरवून गिअर जुळवले. हब बदलला की कॅसेटची जागा केसभर सरकू शकते, त्यामुळे गिअर जुळलेत का हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. आवाज गेला. घरी येऊन चाकांचा बॉक्स उघडला, तर स्पेसर छोट्या पिशवीत तसाच पडलेला.

स्पेसर राहून जाणं मी समजू शकते. पुढचं नाही. जुनी चेन मी मागून घेतली होती. ती ताणून स्टीलच्या पट्टीवर धरली, एका पिनचा मध्य शून्यावर. चांगल्या चेनमध्ये १२ इंचांवर बरोबर पिनचा मध्य येतो. एक सोळांश इंच पुढे गेला, तर चेन बदलायची वेळ जवळ आली. एक अष्टमांश गेला, तर संपलीच. माझी पिन १२च्या रेघेवरून जेमतेम ढळली होती. आणि बॉटम ब्रॅकेट? बिलात 'नवीन', पण कपावर (त्याच्या बाहेरून दिसणाऱ्या कवचावर) जुना ओरखडा तसाच आणि खाचांत पावसाळ्यातला वाळलेला चिखल! तो बदललाच नव्हता.

म्हणून चाकं बदलल्यावर आवाज आला, तर आधी जे बदललं तेवढंच तपासायला सांगा: कॅसेट हलते का, स्पेसर आहे का, गिअर जुळलेत का, चाक ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या ज्या खाचेत चाकाचा आस बसतो तिथे) नीट बसलंय का. आवाज फक्त पॅडल न मारता येत असेल, तर तो बहुधा नव्या फ्रीहबची टिकटिक असते, ती चालते. कुणी पार्ट बदलायला सांगितला, तर काम समोर उभं राहून करून घ्या, पक्कं बिल घ्या आणि जुना पार्ट घरी आणा. मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर सायकल तिथून काढा.

बिल आणि कपाचा फोटो दाखवल्यावर दुकानदाराने बॉटम ब्रॅकेटचे १,४०० निमूट परत दिले. चेन-कॅसेटबद्दल "तुम्हीच हो म्हणालात" असं उत्तर मिळालं. त्या पैशांसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.