दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ : कुस्तीच्या मैदानावर घासून बघितलं, खरं सांगतो

लग्नं, कुस्तीची मैदानं, हॉटेलवाल्यांच्या रील आणि गणपतीत मंडळांचे आगमनाचे व्हिडिओ, एवढ्यावर आमचं कोल्हापुरात राजारामपुरीतलं एडिटिंगचं दुकान चालतं. दाविंची रिझॉल्व्ह ह्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन आधीपासून वापरत होतो, आता पैसे भरून त्याचं स्टुडिओ व्हर्जन घेतलंय आणि जो येतो तो विचारतोय घेऊ का नको, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी फुकटातलं. रिझॉल्व्ह बनवणारी ब्लॅकमॅजिक ही ऑस्ट्रेलियाची कंपनी, तिनं २००९ ला दाविंची ही कंपनी विकत घेतली, त्याच्या आधी व्हिडिओचे रंग सावरायची ही कलरची मशिनं फक्त मोठ्या स्टुडिओंनाच परवडायची. आता तेच कलरचं पान तुमच्या लॅपटॉपवर फुकट येतंय, ४के अल्ट्रा एचडीत सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट निघतो, साध्या कामावर वॉटरमार्क पण नाही. लग्नाच्या कामाला एवढं रग्गड झालं. पिवळ्या हॅलोजनमधे हळदीचा रंग कसा बेकार येतो माहितीय ना, तो हितं जसा सावरतो तसा दुसरीकडं मला तरी जमला नाही. कलरच्या बाबतीत नाद करायचा नाय.

अर्धं गाव अजून क्रॅकवर, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरवर, एडिटिंग करतंय. १९१८ ला बाबूराव पेंटरांनी देशी कॅमेरा बनवला तो ह्याच कोल्हापुरात, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ उभा आहे, आणि त्याच गावात आपण व्हायरसवाली फाइल पेनड्राइव्हवर वाटत बसलोय, बरं दिसतंय का. असो.

स्टुडिओला २९५ डॉलर लागतात, म्हणजे टॅक्स धरून पंचवीस हजाराच्या पुढंच गेलं समजा. पण एकदाच, महिन्याचं भाडं नाही, एक लायसन दोन कॉम्प्युटरवर चालतं. पैसे खरे जातात ते एआयवाल्या टूल्ससाठी, म्हणून त्याचंच जरा सविस्तर सांगतो.

मॅजिक मास्क, म्हणजे शॉटमधला माणूस मागच्यापासून वेगळा कापणारं टूल. खासबागच्या मैदानाचं फुटेज होतं, पैलवान रंगीत आणि मागची गर्दी काळीपांढरी असं पाहिजे होतं. २५ फ्रेमचा हिशोब धरा, दहा सेकंदाच्या शॉटला २५० फ्रेम, आधी आमचा पोरगा रात्रभर बसून एकेक फ्रेम कापायचा. आता पैलवानावर एक रेघ ओढली की पुढचं ते आपोआपच पकडत जातं, सलामी देताना, मांडीवर थाप मारताना एकदम झकास. पण दोघं एकमेकाला भिडले आणि दोघांच्या अंगाला तीच तांबडी माती लागली की ह्याचा पाय त्याला, त्याचा हात ह्याला, सगळा घोळ. तिथं परत हातानंच. म्हणजे पोराचं काम गेलं नाही, फक्त अवघड तेवढं उरलंय, आणि अवघड कामाचा पगार वाढवून द्यावा लागतो हे मालकांनी लक्षात घ्यावं (मी पण आलो त्यात).

व्हॉइस आयसोलेशन, म्हणजे गोंगाटातनं माणसाचा आवाज वेगळा काढणारं टूल, तर लय भारी आणि लय घातक. मैदानात निवेदकाचा आवाज हलगीत बुडालेला होता, बटण दाबलं, माणूस असा ऐकू आला जसा काय खोलीत बसून बोलतोय. आणि हलगी गायब! अहो हलगीशिवाय कुस्ती कोण बघणार. शेवटी त्या टूलचा टक्का कमी केला, मूळ ट्रॅक खाली बारीक ठेवला, मग जमलं. हे किती ठेवायचं ते मशीनला कळत नाही, मैदानात उभं राहिलेल्यालाच कळतं.

सबटायटलला मात्र हात जोडले. मी वापरतो त्या व्हर्जनमधे ट्रान्स्क्रिप्शनच्या, म्हणजे बोललेलं आपोआप लिहून काढायच्या, भाषांत मराठी नाहीच. मग सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन त्यात व्हिस्पर नावाचं बोललेलं लिहून काढणारं एआय चालवतो, त्याला मराठी येतं, पण पुस्तकी. तालमींची आणि पैलवानांची नावं एकूण एक दुरुस्त करावी लागतात. तरी कोऱ्या पानावरनं टाइप करण्यापेक्षा बरंच.

आता धंद्याचं. एक हॉटेलवाला मला म्हणतोय, "भाऊ, एआयनं दोन मिनिटात होतंय की, मग एवढं बिल कशाला?" त्याला म्हणलं, दोन मिनिटात करून दाखवा, मी पण बघतो. पांढऱ्या रश्शाची वाफ कुठल्या सेकंदाला दाखवायची ते बटणात नाही. पण त्याचं म्हणणं सगळंच खोटं नाही, साध्या रीलचे रेट पडलेत हे आपण सगळे बघतोय, नुसतं कटिंग आणि गाणं टाकून देणाऱ्याचं अवघड आहे. दुसऱ्या बाजूला गडहिंग्लज, आजऱ्याकडची पोरं घरात बसून मुंबईची कामं घ्यायला लागलीत. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप पण फुकट आहे, आयफोनला २०२३ ला आलं, ॲन्ड्रॉइडला २०२४ ला, म्हणजे शूटिंगला पण कुणाच्या दारात जायला नको.

घ्यायचं का? नुसती लग्नं करत असाल तर नको, फुकटातलंच पुरतं. गर्दीतलं, आवाजातलं काम असेल, कुस्ती, मिरवणूक, मुलाखती, तर सीझनमधे पैसे वसूल. पण आधी ग्राफिक कार्ड बघा. जुन्या लॅपटॉपवर मॅजिक मास्क लावला की पंखा बोंबलतोय आणि मास्क जाग्यावरच. कार्डची मेमरी आठ जीबीच्या आतली असेल तर आधी कार्ड, मग लायसन.