दंडावरचा सेन्सर, खिशातलं ग्लुकोज आणि यवतेश्वरचा घाट

टाइप वन डायबिटीस असताना लांब पल्ल्याचं धावायचं असेल, तर सतत साखर दाखवणारा सेन्सर जरूर घ्या. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करताना गेले कित्येक महिने मी तो दंडावर लावतेय. एक सेन्सर १४ दिवस चालतो, म्हणजे महिन्याला दोन. खर्च जाणवतो, तरी आता त्याच्याशिवाय पळायला जाणार नाही.

खरा उपयोग साखर कुठल्या दिशेने चाललीय ते दाखवणाऱ्या बाणाचा. ग्लुकोमीटरवर १४० दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण सेन्सरवर त्याच १४० शेजारी बाण खाली झुकलेला असेल आणि नाश्त्याचं इन्सुलिन अजून अंगात असेल, तर यवतेश्वरच्या चढावर शुगर लो होणार हे आधीच कळतं. धावायला निघताना साखर साधारण १२६ ते १८० असावी, असं तज्ज्ञ सांगतात. मी त्याबरोबर बाण आडवा आहे ना, तेही बघते. नसेल तर आधी केळं, मग बूट.

खाण्याचं गणित यामुळेच बसलं. रात्री ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी असली की सेन्सरच्या आलेखावरची साखरेची रेषा बरीच शांत राहते. पोहे मात्र माझ्या अंगी भराभर चढतात. म्हणून ते बेताने, पळण्याच्या दोन-अडीच तास आधी आणि डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे बोलस (खाण्यासाठी घ्यायचं इन्सुलिन) कमी करून. लाँग रनमध्ये तासाला ३० ग्रॅमच्या वर कार्ब्ज लागतात. सपाटीवर खजूर चालतो, पण घाटात धाप लागलेली असताना चावत बसणं नको होतं, तिथे पाण्यात कालवलेलं ग्लुकोजच बरं. शुगर लो झाल्यावर कुणी प्रेमाने शेंगदाण्याची चिक्की पुढे केली तरी तिच्यावर विसंबू नका. दाण्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा.

चढावर जोरात इंटरव्हल (थोडं वेगाने धावणं, थोडी विश्रांती) मारले की साखर उलट वर जाते. ॲड्रेनलिनमुळे यकृत ग्लुकोज सोडतं. अशा वेळी लगेच पूर्ण करेक्शन (चढलेली साखर उतरवायचं इन्सुलिन) घेऊ नये, नंतर ती घसरते.

उणिवा आहेतच. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, आणि पळताना हे अंतर वाढतं. हात थरथरतोय पण आकडा चांगला दिसतोय, असं झालं तर बोट टोचून बघायचंच. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटा लो दाखवतो. घामाने कडा सुटतात. वरून पट्टी लावावी लागते.

पैसे सगळ्यात वसूल होतात ते लाँग रनच्या रात्री. रिकामे झालेले स्नायू तासन् तास ग्लुकोज ओढत राहतात आणि झोपेत शुगर पडते. त्या रात्री मी सेन्सरचा शुगर लोचा गजर ७० ऐवजी ८५ वर ठेवते, बेसल (दिवसरात्र पुरणारं पायाभूत इन्सुलिन) डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करते आणि झोपण्याआधी कपभर दूध पिते. घरचेही आता निवांत झोपतात.