पावणेदोन तासांचं विमान

आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. म्हणून तिकिटं काढून देणाऱ्याला माझा एकच प्रश्न होता: विमानात किती वेळ बसावं लागेल? त्याने अंतर मोजणाऱ्या एका साइटचा स्क्रीनशॉट धाडला. दोन शहरांची नावं, मध्ये वाकडी रेघ, खाली '1,400 किमी, 1 तास 39 मिनिटं'. वर मेसेज, "डायरेक्ट फ्लाइट आहे सर, काकूंना अजिबात त्रास नाही." मी पैसे पाठवून मोकळा.

तिकिटं आली आदल्या रात्री उशिरा. दोन पीडीएफ. एक आईचं, एक माझं असेल म्हणून मी उघडलीही नाहीत. ती चूक माझीच.

सकाळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बॅगा तिथे उतरवून घ्या, पुढचा टॅग इथून लागणार नाही." पुढचा म्हणजे कुठला? तिने कागद माझ्याकडे फिरवले. दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळी बुकिंग, आणि दोन कंपन्या. पहिलं विमान भलत्याच तिसऱ्या शहरात जाणार, दुसरं तिथून 4 तासांनी. त्यातही उतरायचा विमानतळ एक आणि पुढे चढायचा दुसराच! शहराचं नाव तेच, तीन अक्षरी कोड वेगळा. लंडनमध्ये एलएचआर म्हणजे हीथ्रो आणि एसटीएन म्हणजे स्टॅनस्टेड, तसला प्रकार.

पहिलं विमान 50 मिनिटं उशिरा उतरलं. पट्ट्यावर बॅगांची वाट, मग व्हीलचेअरची, मग टॅक्सी. पोहोचलो तेव्हा काउंटर बंद. दुसरी कंपनी म्हणाली 'नो शो', म्हणजे प्रवासी आलेच नाहीत; पैसे बुडाले. पहिली म्हणाली, तुमचं तिकीट इथपर्यंतच होतं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असता तर पुढची सोय त्यांच्या गळ्यात पडली असती. नवी तिकिटं काढली. मुक्कामी पोहोचलो ते काउंटर सोडल्यापासून 14 तासांनी.

तिकिटं काढून देणाऱ्याला फोन केला तर हा म्हणतो, "सर, मी डायरेक्ट म्हटलं होतं, नॉनस्टॉप नाही." शब्द बरोब्बर निवडलेला. डायरेक्ट विमान वाटेत थांबू शकतं, हे खरंच आहे. पण त्याचा फ्लाइट नंबर शेवटपर्यंत एकच असतो. आमचे नंबर दोन, विमानतळ चार!

आणि ते 1 तास 39 मिनिटं कुठून आले? कुठल्याच वेळापत्रकातून नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर काढायचं आणि त्याला ताशी 850 किमीने भागायचं, झालं. धावपट्टीपर्यंतची रांग नाही, उतरण्याआधीच्या घिरट्या नाहीत, वारा नाही. न्यूयॉर्कहून लंडनला येताना पाठीशी वारा असतो, परतताना साधारण तासभर जास्त लागतो. असला हिशेब दोन्हीकडे एकच आकडा देतो. कंपनीची छापील वेळ एका गेटवरून विमान मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. म्हणजे नॉनस्टॉप विमान मिळालं असतं तरी दोन तासांच्या वरच.

आता मी पैसे द्यायच्या आधी फ्लाइट नंबर मागतो आणि कंपनीच्याच साइटवर टाकून बघतो. तिकीट हातात आलं की पीएनआर आणि आडनाव घालून उघडतो, दोन्ही कोड वाचतो. नंबर द्यायला जो 'सीट कन्फर्म झाल्यावर देतो' म्हणतो, त्याच्याकडे मी थांबत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. मागच्या आठवड्यात ती अंतर मोजणारी साइट उघडून तेच दोन विमानतळ टाकले. तोच आकडा आला, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'हा केवळ अंदाज आहे, प्रत्यक्ष विमानसेवेसाठी कंपनीकडे चौकशी करा.' माझ्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट त्या ओळीच्या बरोबर वर कापलेला आहे.