शंभर न्यूटनचे लाइफ जॅकेट: शेततळ्यातील चाचणी आणि हतनूरच्या पाण्यावरील दोन हिवाळे

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत जिल्ह्यातील एका जलाशयावर आम्ही सहकुटुंब नौकाविहाराला गेलो होतो. नावेत चढताना प्रत्येकाच्या हातात लाइफ जॅकेट ठेवण्यात आले. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला मिळालेले जॅकेट मोठ्या माणसाचे होते. त्याची मधली बकल तुटलेली होती आणि खालचा पट्टा नाडीसारखा गाठ मारून बांधलेला होता. सासूबाईंनी नऊवारीवरून कसेबसे चढवलेले जॅकेट खाली बसताच वर सरकून त्यांच्या कानांपर्यंत आले, आणि ते पाहून मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण कोरड्या नावेत जे जॅकेट कानापर्यंत येते ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार, हे समजायला पोहता येण्याची गरज नाही. त्या दिवशी काही विपरीत घडले नाही. परंतु घरी परतल्यावर आम्ही ठरवले की यापुढे पाण्यावर जायचे ते स्वतःची जॅकेटे घेऊनच. त्यानंतर आम्ही दोन प्रकारची जॅकेटे विकत घेतली. दोन्ही घरच्या शेततळ्यात तपासली आणि दोन हिवाळे वापरली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

पहिली खरेदी घाईची होती. शहरातील एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून प्रत्येकी ६५० रुपयांना चार नारिंगी जॅकेटे आणली. मापाबद्दल विचारले असता 'सगळ्यांना एकच बसते' असे उत्तर मिळाले. आतील बाजूच्या कापडी पट्टीवर धुण्याच्या सूचना होत्या, पण हे जॅकेट किती वजनाच्या माणसासाठी आहे, याचा आकडा कोठेही नव्हता. आज कोणी मला लाइफ जॅकेटची पारख विचारली, तर मी सर्वप्रथम तो आकडा शोधायला सांगते. कापड, रंग आणि किंमत या गोष्टी त्यानंतर येतात.

वजनाच्या मर्यादेबरोबर जॅकेटच्या तरंगशक्तीचा आकडाही पाहावा. तो न्यूटनमध्ये दिलेला असतो आणि त्याचा अर्थ सोपा आहे. साधारण दहा न्यूटन म्हणजे एक किलो वजन पाण्यावर उचलून धरण्याची शक्ती. माणसाचे बहुतेक वजन पाणीच पेलते, त्यामुळे मोठ्या माणसाचे डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी जॅकेटने चार-पाच किलोचा आधार दिला तरी सहसा पुरते. मग शंभर न्यूटनचे जॅकेट कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. 'आयएसओ १२४०२' या आंतरराष्ट्रीय मानकात ५०, १००, १५० आणि २७५ असे चार स्तर आहेत आणि त्यांतील पहिल्या दोन स्तरांमधील फरक केवळ दुपटीचा नाही. पन्नास न्यूटनचे जॅकेट ज्याला पोहता येते, जो शुद्धीवर आहे आणि ज्याला मदत जवळच आहे, त्याच्यासाठी असते. ते माणसाला तरंगत ठेवते, पण तोंड पाण्यात गेले तर त्याला उलटवून उताणे करीलच असे नाही. शंभर न्यूटनच्या जॅकेटमध्ये फोमचा मोठा भाग छातीवर आणि मानेमागच्या कॉलरमध्ये असतो, त्यामुळे शांत पाण्यात शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंडही वर येईल अशी त्याची रचना असते. नाव उलटताना डोक्याला काठाचा मार लागू शकतो किंवा घाबरून श्वास अडकू शकतो. अशा वेळी हाच फरक कामाचा ठरतो. आमच्या घरात पोहता येणारे माणूस एकच, माझे दीर. बाकी सर्वांसाठी पन्नासचा स्तर मुळातच अपुरा होता, हे मला पहिल्या खरेदीनंतर कळले.

नारिंगी जॅकेटांची ताकद मोजण्यासाठी आम्ही केळीच्या काट्यावरची लोखंडी वजने वापरली. जॅकेटच्या पट्ट्याला जाळीची पिशवी बांधून तिच्यात एकेक वजन वाढवत गेलो. लोखंड पाण्यात थोडे हलके होते, त्यामुळे शंभर न्यूटनच्या जॅकेटने जवळपास पावणेबारा किलो आणि पन्नास न्यूटनच्या जॅकेटने पावणेसहा किलो लोखंड पेलायला हवे, असा आमचा हिशेब होता. नारिंगी जॅकेट साडेचार किलोलाच खाली गेले. पुढचा उन्हाळा ती जॅकेटे गच्चीवरील खोलीत, पत्र्याखाली पडून होती. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासली तेव्हा त्यांपैकी एक साडेतीन किलोलाच बुडाले, आणि शिवण उसवून पाहिले तर आतील फोमचे तुकडे हाताने चुरता येत होते. आपल्याकडील मे महिन्याचे ऊन काय करू शकते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. ती चारही जॅकेटे मी पट्टे कापूनच टाकली, कारण तशीच कोणाला दिली असती तर कोणीतरी ती विश्वासाने अंगावर घातली असती.

दुसऱ्या वेळी मुंबईतील नौकासाहित्याच्या एका विक्रेत्याकडून कॉलर असलेली शंभर न्यूटनची जॅकेटे मागवली. मोठ्यांची तीन प्रत्येकी २,४०० रुपयांना आणि मुलाचे एक १,९०० रुपयांना मिळाले. फोनवर त्या विक्रेत्याने प्रत्येकाचे वजन आणि छातीचा घेर विचारला, तेव्हाच माझा विश्वास बसला. जॅकेटच्या आतल्या बाजूला वजनाची मर्यादा, मानक आणि स्तर स्पष्ट छापलेला आहे. मुलांच्या जॅकेटची प्रत्यक्ष तरंगशक्ती त्यांच्या वजनानुसार कमी असते, त्यामुळे लहान जॅकेट मोठ्या माणसाने घालणे आणि मोठे जॅकेट मुलाला घालणे, दोन्ही सारखेच चुकीचे आहे. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा आहे आणि माझ्या मते त्या १,९०० रुपयांतील सर्वांत मोलाचा भाग तोच. मुलांचे खांदे अरुंद असतात, कंबर अजून घडलेली नसते, आणि हा पट्टा नसेल तर पाणी जॅकेटला वर ढकलते व मूल त्यातून खाली निसटते. मोठ्यांच्या जॅकेटलाही तो वेगळा जोडता येतो. सासूबाईंसाठी आम्ही तो जोडून घेतला आणि नावेत बसताना त्या आता साडीऐवजी सलवार-कमीज घालतात. हे त्यांनी स्वतःहून ठरवले, याचे मला फार कौतुक वाटते.

पाण्यातील चाचणी शेततळ्यात केली, पण कोणी तिचे अनुकरण करणार असेल तर आधी एक गोष्ट नीट वाचावी. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे जलाशयाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक धोक्याचे असते. उताराचा ओला कागद इतका निसरडा होतो की उत्तम पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, आणि दरवर्षी माणसे व जनावरे अशीच जातात. आमच्या तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेले नायलॉनचे दोर कायम सोडलेले आहेत आणि काठावर हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवलेली असते. चाचणीच्या वेळी दिराच्या कमरेला वेगळा दोर होता आणि काठावर तो धरून दोन माणसे उभी होती. दिरांनी पालथे होऊन अंग सैल सोडले, तर जॅकेटने त्यांना अलगद फिरवून उताणे केले. आम्ही हे पाच वेळा केले आणि पाचही वेळा तोंड वर आले, मात्र चौथ्या वेळी बाजूचा पट्टा सैल राहिला होता तेव्हा फिरायला बराच वेळ लागला. वजनांच्या चाचणीत हे जॅकेट अकरा किलोला तरंगले आणि बारा किलोला बुडाले, म्हणजे आकडा खरा होता. सागरी जहाजांच्या नियमांनुसार लाइफ जॅकेट गोड्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवल्यानंतर त्याची तरंगशक्ती ५ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. आम्ही दगड बांधून एक जॅकेट रात्रंदिवस टाक्यात ठेवले आणि पुन्हा वजने लावली, तेव्हा जाणवेल असा फरक आढळला नाही.

पट्टे किती आवळायचे, यासाठी एक साधी पद्धत आहे. जॅकेट घालून हात वर करावेत आणि दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे किंवा सैल आहे. आम्ही धक्क्यावर उभे राहून प्रत्येकाचे असे पाहतो, आणि त्याला एक मिनिटही लागत नाही.

जळगाव जिल्ह्यातील तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयावर आम्ही थंडीत पक्षी पाहायला जातो. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम या धरणाच्या फुगवट्यातच येतो. सकाळच्या धुक्यात पाणी इतके स्थिर दिसते की जॅकेट काढून ठेवण्याचा मोह होतो, आणि या जॅकेटांचा मुख्य दोषही तेथेच जाणवतो. ती जाड आहेत. कॉलरमुळे मान वळवणे अवघड जाते, दुर्बीण छातीवर नीट राहत नाही, आणि फेब्रुवारीनंतर दहा वाजताच आतला सदरा घामाने ओला होतो. माझ्या मुलाच्या मानेला पहिल्या दोन फेऱ्यांत कापडाचा काच बसला होता. त्यावर सुती रुमाल गुंडाळणे हा उपाय आम्ही शोधला. वायूच्या नळकांडीने आपोआप फुगणारी पातळ जॅकेटे या बाबतीत अधिक सुखाची असतात, पण एकदा फुगल्यावर नळकांडी बदलावी लागते आणि ती गावाकडे सहज मिळत नाही, म्हणून मी फोमचीच निवडली.

अस्वस्थ वाटले तरी ते अंगावरच ठेवावे, असे मी इतक्या आग्रहाने का म्हणते, याची कारणे आपल्या आसपासच आहेत. २०१९ च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेच्या पाण्यात भाविकांची क्षमतेपेक्षा अधिक भरलेली नाव उलटली आणि सणाच्या दिवशी त्या पाड्यांवर दुःख कोसळले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. त्या नावेतही माणसे जास्त होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी नाव वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जणांचे प्राण गेले. मे-जूनमधला असा वारा रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ओळखीचा आहे. अर्ध्या तासात उभी बाग आडवी करणारा तो हाच वारा, आणि मोठ्या जलाशयावर त्याला अडवायला झाड नसते की टेकडी. नाव उलटल्यानंतर पाण्यात जॅकेट घालणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जवळपास अशक्य असते. दिरांनी शेततळ्यात ते करून पाहिले. स्थिर पाण्यात, दिवसाउजेडी आणि दोर बांधलेला असताना त्यांना बकला लावायला चार मिनिटे लागली, आणि तोपर्यंत त्यांना दम लागला होता.

मात्र जॅकेट चांगले असले तरी नाव कशी आहे याकडे दुर्लक्ष करता येत नाही. छत आणि बंद कडा असलेली नाव उलटली तर फोमचे जॅकेट माणसाला छताखालीच वर दाबून धरते आणि खाली बुडी मारून बाहेर पडणे कठीण होते. म्हणून अशा नावेत आम्ही उघड्या कडेलगत बसतो, आणि गर्दी असेल तर बसतच नाही. अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यानुसार यांत्रिक नावेची नोंदणी व तपासणी व्हावी लागते. नावेत किती माणसे बसवण्याची परवानगी आहे, हे धक्क्यावर विचारण्यात संकोच वाटू नये. हतनूरला आम्हाला नेणारे नावाडी काका स्वतः माणसे मोजतात, फोटोसाठी सगळे एका बाजूला आले तर वल्हे थांबवून रागावतात आणि आभाळ भरून आले की पैसे परत देऊन फेरी रद्द करतात. माझे जॅकेट कितीही चांगले असले तरी त्यांच्या या शिस्तीवर माझा अधिक विश्वास आहे.

निगेबद्दल थोडे. वापरानंतर जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगावे, वाळल्याशिवाय पिशवीत घालू नये आणि त्यावर कधीही बसू नये, कारण दाबला गेलेला फोम पुन्हा पूर्ण फुगत नाही. आमची जॅकेटे घरातील सर्वांत थंड खोलीत, खुंटीवर असतात. सतरा महिन्यांनंतर केलेल्या वजनांच्या चाचणीत ती साडेअकरा किलोला बुडाली, म्हणजे फारसे काही घटलेले नाही. एका जॅकेटची शिट्टी तुटली, ती विक्रेत्याने तक्रार न करता बदलून दिली. चमकणाऱ्या पट्ट्या अजून शाबूत आहेत, पण नारिंगी रंग खांद्यावर फिका पडू लागला आहे.

चौघांचे मिळून ९,१०० रुपये ही रक्कम वर्षातून एकदा नावेत बसणाऱ्या कुटुंबाला जड वाटेल, हे मला मान्य आहे. अशांनी निदान मुलाचे एक जॅकेट त्याच्या वजनाप्रमाणे घ्यावे, कारण नावेवर मोठ्यांच्या मापाचे कसेबसे मिळते, लहान मुलाच्या मापाचे मला आजवर एकदाही मिळालेले नाही. माझ्या मुलाचे वजन या दिवाळीत पट्टीवर छापलेल्या मर्यादेपलीकडे गेले, म्हणून पुढचे माप मागवले आहे. त्याचे जुने जॅकेट पुन्हा वजने लावून तपासले आणि हतनूरच्या नावाडी काकांकडे दिले. किती किलोपर्यंतच्या मुलासाठी ते आहे, हे त्यांनी आतल्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत माझ्याकडून मराठीत लिहून घेतले.