विधानसभेची सभा: खर्च उमेदवाराच्या नावावर की पक्षाच्या?

महाराष्ट्रात विधानसभा उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. म्हणून सभा पक्षाच्या खात्यातून करायचा मोह होतो.

उमेदवाराच्या खर्चात कटकट जास्त. अर्जाच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं. एकाच व्यक्तीला पूर्ण निवडणुकीत 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. मंडपवाल्याचं बिल कमी दाखवलं, तरी खुर्च्या निवडणूक यंत्रणेच्या व्हिडिओत मोजल्या जातात आणि शॅडो रजिस्टरमध्ये, म्हणजे यंत्रणा स्वतः ठेवते त्या समांतर नोंदवहीत, अधिकृत दराने चढतात. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता.

पक्षाचा खर्च सुटसुटीत, पण फसवा. पक्षाने निवडणूक आयोगाला दिलेल्या यादीतल्या स्टार प्रचारकाचा (मोठ्या नेत्याचा) प्रवास पक्षाकडे जातो, एवढंच. त्याच मंचावर उमेदवार बसला, किंवा फलकावर त्याचा फोटो लागला, की सभेचा खर्च त्याच्याकडे वळतो. तिघे बसले तर तिघांत समान. (फोटोचा मोह कुणाला आवरतो?)

आमच्या मते पक्षाकडे निव्वळ पक्षाचाच प्रचार ठेवावा. उमेदवार दिसणारी प्रत्येक सभा पहिल्या दिवसापासून त्याच्याच वहीत लिहावी.