‘बॅरल अजून बसायची आहे’: नवी म्हणून विकलेल्या एअर रायफलीचा अनुभव

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर आमच्या रेंजवर संध्याकाळी लेन मिळणे अवघड होऊन बसले. नवी मुले आली, त्यांच्यामागून पालक आले आणि पालकांच्यामागून रायफली विकणारे आले. क्लबची रायफल दोघा-तिघांत वापरावी लागते, खांद्याला टेकणाऱ्या बटची आणि गालाला टेकणाऱ्या चीकपीसची मापे दर वेळी बदलावी लागतात, त्यामुळे मुलीचा स्कोर साठ शॉट्समध्ये ६५४ पैकी ६१० च्या पुढे स्थिरावल्यावर स्वतःची रायफल घ्यावी असे प्रत्येक पालकाला वाटतेच. आम्हालाही वाटले. ज्या पद्धतीने आम्हाला गंडवण्यात आले, ती पद्धत तांत्रिक शब्दांच्या आडोशाने चालते आणि म्हणून ती तपशिलात सांगणे मला आवश्यक वाटते.

विक्रेता रेंजवर सर्वांच्या ओळखीचा होता. युरोपीय बनावटीची, परदेशातून आणलेली, एकाही मॅचमध्ये न वापरलेली रायफल १ लाख ६५ हजार रुपयांत देतो, असे त्याने सांगितले. रक्कम दोन वेगवेगळ्या खात्यांवर घेतली आणि वहीच्या कागदावर ‘एअर रायफल, एक नग’ एवढेच लिहून दिले. त्यात ना अनुक्रमांक होता, ना उत्पादनाचे वर्ष. दहा मीटरवरच्या नेमबाजीत चालणाऱ्या अशा एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे बंदुकीच्या व्यवहारात शस्त्राचा क्रमांक जसा सरकारी नोंदीत चढतो तसा इथे कुठेच चढत नाही. या मोकळेपणाचाच फायदा असे लोक घेतात. तीस दिवसांत पसंत न पडल्यास परत घेण्याचे आश्वासन मात्र त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी दिले होते.

नव्या मॅच रायफलीबरोबर कारखान्यातले टेस्ट कार्ड येते. ती रायफल क्लॅम्पमध्ये धरून मारलेल्या शॉट्सचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, त्या कार्डावर असतो आणि खाली रायफलीचा अनुक्रमांक असतो. आम्हालाही कार्ड मिळाले, लॅमिनेट केलेले. पाचही छरे एकाच छिद्रातून गेल्यासारखा सुरेख ग्रुप त्यावर होता, पण अनुक्रमांक असलेला खालचा उजवा कोपरा कात्रीने तिरका कापलेला होता. विचारल्यावर उत्तर आले, “ताई, लॅमिनेशनवाल्याने कडा जरा जास्तच कापल्या हो, पोरगा नवीन होता.”

पहिल्याच आठवड्यात स्कोर ५९५ च्या आसपास घसरला. नव्या रायफलीची सवय व्हायला वेळ लागतो हे खरे, परंतु तिचे शॉट चुकत होते ते एका बाजूला नव्हे. तीन दहा, एक ९.१, पुन्हा दोन दहा, मग अचानक ८.८, आणि त्या ८.८ ला ट्रिगरवर काहीही गडबड झाल्याचे तिला जाणवत नव्हते. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने फार समजूतदारपणे खुलासा केला: “बॅरल अजून बसायची आहे. ब्रेक-इन झाल्याशिवाय कुठलीच नवी बॅरल ग्रुप देत नाही. दर दहा छऱ्यांनंतर साफ करा, माझ्याकडचे लिक्विड वापरा, असे दीड हजार छरे होऊ द्या, मग बघा.” लिक्विड त्याच्याकडूनच घ्यायचे, छरेही त्याच्याकडचेच. पुढे ‘ट्यूनिंग’च्या नावाखाली आणखी ९ हजार रुपये गेले. पहिला आठवडा आधीच गेला होता आणि मुलगी अभ्यास सांभाळून रोज साठ-सत्तर छरे मारते, म्हणजे दीड हजारांचा हिशेब पुरा होईपर्यंत तीस दिवसांची मुदत जवळजवळ संपलेली असेल, हे त्याला पुरते ठाऊक होते.

ब्रेक-इन, म्हणजे सुरुवातीला गोळ्या मारत आणि साफ करत नवी बॅरल रुळवणे, ही कल्पना खोटी नाही, पण ती इथली नाही. दारूच्या काडतुसावर चालणाऱ्या मोठ्या रायफलीत गोळीवर तांब्याचे आवरण असते. बॅरलच्या सुरुवातीच्या भागात राहिलेल्या, ती घडवणाऱ्या अवजारांच्या सूक्ष्म खुणांवर ते तांबे खरवडले जाऊन आत साठते, म्हणून सुरुवातीला एक गोळी मारून साफसफाई करण्याचा प्रघात आहे, आणि त्याची खरोखर किती गरज असते याबद्दल बॅरल बनवणाऱ्यांमध्येच एकमत नाही. दहा मीटरच्या रायफलीत ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असा मऊ शिशाचा छरा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. तिथे ना तांबे, ना जळणारी दारू, ना उष्णता. उलट साफ केलेल्या बॅरलमध्ये शिशाचा अगदी पातळ थर पुन्हा बसेपर्यंत सुरुवातीचे काही शॉट थोडे भरकटतात. म्हणजे दर दहा छऱ्यांनंतर साफसफाई करायला लावून त्याने ती बॅरल कधी स्थिर होऊच दिली नाही. दोष रायफलीत आहे की साफसफाईत, हे कोणालाही कळू नये अशी ही व्यवस्था होती, आणि तिच्यामागचे डोके कौतुकास्पद म्हणावे इतके तल्लख होते.

तीस दिवस उलटल्यावर त्याची भाषा बदलली. आता दोष मुलीच्या ‘होल्ड’मध्ये, म्हणजे रायफल स्थिर धरण्यात होता. चौदा वर्षांच्या मुलीला तिच्याच देखत हे ऐकवण्यात आले, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

आमच्या कोचसरांनी वाद न घालता रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवली. माणूस बाजूला काढला की उरते ते यंत्र, आणि यंत्राला होल्ड नसतो. सरांचा एक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी बॅरल आणि स्टॉक, म्हणजे रायफलीचा धरायचा सांगाडा, जोडणारे स्क्रू तपासले, ते नीट होते. नेम धरायची मागची साइट हलवून पाहिली, तीही घट्ट होती. मग एकाच डब्यातले, एकाच बॅचचे छरे घेऊन क्लबची रायफल आणि आमची रायफल त्याच क्लॅम्पमध्ये आलटून पालटून चालवली. क्लबच्या जुन्या रायफलीने दहा शॉट्सचे छिद्र बाहेरच्या कडा धरून सहा-साडेसहा मिलिमीटरमध्ये ठेवले; आमच्या रायफलीचे छिद्र दहा मिलिमीटरच्या वर गेले, आणि ते उभे, लांबट होते. छऱ्याचे डोके ४.४९ पासून ४.५२ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या मापांचे घेऊन पाहिले, तरी लांबटपणा गेला नाही.

उभा पसरलेला ग्रुप बहुधा वेगातील चढउतार दाखवतो. दहा मीटर अंतर कापताना छरा साधारण पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर उंचीत जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि टार्गेटवर दोन रिंगांमधले अंतर अडीच मिलिमीटरच असते. वेग मोजणाऱ्या यंत्रावर नेमके तेच दिसले. सलग मारलेले शॉट एकमेकांजवळ होते, पण दोन-तीन मिनिटे थांबून मारलेला पहिला शॉट दर वेळी वेगळ्या वेगाने निघत होता. सिलेंडरमधल्या, म्हणजे रायफलीच्या हवेच्या टाकीतल्या, २०० बारच्या हवेचा दाब कमी करून कायम एकसारखा ठेवणे हे रेग्युलेटरचे काम. त्याची सील झिजली की थांबलेल्या वेळात दाब हळूहळू सरकतो. नव्या रायफलीची सील झिजत नसते.

ग्रुप पसरण्याचे उरलेले कारण बॅरलच्या तोंडाशी सापडले. घड्याळजीच्या भिंगातून पाहिल्यावर क्राउनच्या, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या, कडेवर, घड्याळातल्या चारच्या आकड्याच्या जागी, एक चकचकीत खाच दिसली. कापसाची काडी कडेवरून गोल फिरवली की त्याच जागी धागे अडकत. धातूची सळई पुढून घालून बॅरल साफ करत राहिल्यास अशी खाच पडते. छरा बाहेर पडताना मागची हवा त्या खाचेतून आधी निसटते आणि त्याच्या शेपटीला एका बाजूने धक्का बसतो.

शेवटी सिलेंडर. उत्पादक त्याला साधारण दहा वर्षांचे आयुष्य देतात, तारीख त्याच्यावरच कोरलेली असते आणि मुदत संपलेला सिलेंडर न वापरण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांनुसार नेमबाजाची असते. आमच्या सिलेंडरवर त्या जागी क्लबचे म्हणून एक स्टिकर चिकटवलेले होते. ते नखाने उचलले, तर खालची तारीख दहा वर्षांपेक्षाही जुनी निघाली. रायफलीवरचा अनुक्रमांक देऊन कारखान्याला ईमेल केला, तेव्हा त्यांनी तिच्या उत्पादनाचे जे वर्ष कळवले ते सिलेंडरच्या वर्षाशी जुळले. मुदत संपलेला, २०० बार दाब भरलेला सिलेंडर महिनाभर माझ्या मुलीच्या गालाजवळ होता.

विक्रेत्याने रक्कम परत करण्यास नकार दिला आणि नंतर फोन घेणेच बंद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, आम्ही प्रथम तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज केला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, त्यामुळे महिने निघून गेले म्हणून कोणी गप्प बसण्याचे कारण नाही. अर्जासोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचे आश्वासन, दोन्ही खात्यांच्या नोंदी, कारखान्याचे उत्तर, क्लॅम्पमधली दोन्ही टार्गेट आणि कापलेले टेस्ट कार्ड जोडले आहे. रायफल आम्ही अजून दुरुस्त करून घेतलेली नाही, कारण क्राउन नव्याने कापला आणि सील बदलल्या की पुराव्यातला निम्मा भाग नाहीसा होईल. मुलगी तोपर्यंत क्लबच्या रायफलीवर सराव करते आहे. तोच विक्रेता आता दुसऱ्या रेंजवर ‘न वापरलेली’ रायफल दाखवत असल्याचे तिथल्या एका पालकांनी कळवले, आणि त्यांनाही त्याने दीड हजार छऱ्यांचाच आकडा सांगितला आहे.