३० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी: कोल्हापुरात तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

टाकी ड्वार्फ सीहॉर्सच्या, म्हणजे बुटक्या समुद्रघोड्याच्या पद्धतीनं लावली आहे, पण आत समुद्रघोडा नाही. २००१ पासून आपल्याकडे सगळे समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. कोणी कितीही ‘मिळवून देतो’ म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका. आत हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशची, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशाची, पंधरा दिवसांपुढची पिल्लं वाढतात. फ्लोरिडाकडच्या समुद्री गवतात राहणारा तो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा बुटका समुद्रघोडा आणि ही पिल्लं, दोघांनाही मंद प्रवाह आणि दिवसातून दोन-तीनदा जिवंत खाणं लागतं. त्यामुळे पद्धत तशीच्या तशी लागू पडते.

माप ३० × ३० × ३५ सेंटिमीटर, काच ५ मिलिमीटर, प्रत्यक्ष पाणी २७ लिटर. मोटरचा फिल्टर नाही, कारण पिल्लं त्याच्या जाळीला चिकटून मरतात. एअर पंपावरचा स्पंज फिल्टर पुरतो आणि त्याबद्दल एकही तक्रार नाही. त्याला एअर स्टोन मात्र लावू नका. बारीक बुडबुड्यांनी मिठाचे शिंतोडे झाकणभर उडतात. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर त्यातले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू क्लोरीननं मरतात. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. पावसाळ्यात लाईट गेली की पाणी उलटं पंपात शिरतं. बॅटरीवरचा एक पंपही जवळ ठेवा.

पाणी आरओचं घ्या, पण घरच्या मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा व्हॉल्व्ह किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं. त्याच्या आधीच्या नळीतून पाणी काढा आणि उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून सोडून टीडीएस शून्यावर आणा. २५ लिटरला साधारण ९०० ग्रॅम सॉल्ट मिक्स, बादलीत एक दिवस हवा सोडून विरघळवायचं, घनता १.०२४ ते १.०२५. काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा बसला की आकडा चुकतो, म्हणून थेंबातून खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मिठाच्या) द्रावणावर जुळवा. मग अमोनिया घालून टाकी पिकवायची, म्हणजे तो पचवणारे जिवाणू वाढू द्यायचे, चार ते सहा आठवडे. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) नेल्यावर चोवीस तासांत तो आणि त्यापासून होणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच पिल्लं सोडा.

एप्रिलमध्ये खोली ३२ अंशांवर असताना पाण्यावर लावलेला १२ व्होल्टचा छोटा फॅन टाकी २९ वर आणतो. क्लाउनफिशला ते चालतं. ड्वार्फ सीहॉर्सला २२ ते २५ लागतात, तिथं पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय गत्यंतर नाही. फॅननं रोज अर्धा लिटर पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. तीन दिवस भर घातली नाही तर १.०२५ चं १.०२६ च्या वर जातं. भर बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच. एवढ्याशा टाकीची खरी अडचण हीच आहे. जागा असेल तर ६० लिटरची घ्या.

आता खाणं. एक लिटरची कोल्डड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगायची. त्यात २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, एक ग्रॅम आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) अंडी, तळापर्यंत जाणारी हवेची नळी आणि वर दिवा. २८ अंशांवर चोवीस तासांत पिल्लं फुटतात. डिसेंबरात बाटली हीटरच्या कोमट पाण्यात ठेवली नाही तर दीड दिवस. हवा बंद करून तळाशी टॉर्च लावा. दहा मिनिटांत टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि त्यांच्या जरा वर नारिंगी ढग जमतो. तेवढाच नळीनं ओढून बारीक जाळीत धुवा. टरफलं टाकीत गेली तर पचत नाहीत, आतडं तुंबतं. बाटलीतलं पाणीही टाकीत नको. फुटल्यावर सात-आठ तासांत आर्टेमियाच्या पिल्लांमधलं पोषण उतरायला लागतं, म्हणून ताजीच द्या.

ह्याच खाण्यावर हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातले बारीक डंखी जीव, पोसतात. रात्री दिवा बंद करून काचेवर टॉर्च तिरका मारा: केसाएवढे पांढरे देठ, टोकाला बोंड आणि त्याभोवती पसरलेले धागे दिसले की तेच. त्यांच्या डंखानं लहान पिल्लू मरतं. खरवडून जात नाहीत, तुकड्यातून पुन्हा उगवतात. म्हणून जिवंत खडक (समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेला) न घालता कोरडा सिरॅमिक खडक वापरा. जनावरांच्या जंताचं फेनबेंडाझोल त्यांना मारतं, पण ते गोगलगाई आणि अळ्यांनाही मारतं आणि खडकात, स्पंजात मुरून राहतं. द्यायचंच तर टाकी रिकामी असताना.

लोखंडी स्टँड कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेणार असाल तर दोन हात इपॉक्सी मारायला सांगा, साध्या रंगाखालून मीठ लोखंड खातं. आणि अंड्यांचा डबा उघड्यावर ठेवू नका. जुलैच्या दमट हवेत एकदा ओल शिरली की निम्मीही फुटत नाहीत. घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण काढू नका.